शून्य आलं म्हणजे मासा संपला?

प्रश्न : पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले छोटे 'फुरू' मासे नाइल पर्च या मोठ्या शिकारी माशानेच संपवले, हे आकड्यांवरून ठरवता येतं का?

उत्तर : सगळं पर्चच्या माथी मारायला मी तयार नाही. तो सरोवरात सोडला १९५० च्या दशकात. फुरू कोसळले १९८० च्या दशकात. पण तेव्हाच खतं, सांडपाणी येऊन पाणी गढुळलं, तळाचा प्राणवायू घटला. पर्चची संख्या आणि गढूळपणा, दोन्ही आलेख बरोबरच चढले, तर बिचारं आकडेवारीचं मॉडेल दोष कुणाला देणार? म्हणून मी खडकाळ किनाऱ्यांचे आकडे वेगळे काढतो. कपारींत पर्च शिरत नाही, आणि तिथले फुरू बऱ्यापैकी टिकले. गढूळपणा सारखाच असलेले पट्टे ताडून पाहिले, तर पर्चचा वाटा सुटा दिसू लागतो. आणि जाळ्यात शून्य आलं, की माझा पहिला प्रश्न : जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, केवढा होता? भोकं मोठी असली, तर छोटा फुरू त्यातून निसटतोच.