घरी याकिसोबा करताना नूडल्सचा लगदा का होतो? आणि जपानसारखी चव कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की याकिसोबा, म्हणजे भाज्या-मांस घालून आंबटगोड सॉसमध्ये परतलेल्या जपानी नूडल्स, दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा नूडल्स एकमेकांना चिकटून लगदा झाला आणि चव शेवटी आपल्या हक्का नूडल्ससारखीच आली. मी टोकियोत सहा वर्षं राहिले, आता पुण्यात परत येऊन तीन वर्षं झाली, आणि इथे आल्यावर पहिले काही महिने माझंही अगदी हेच होत होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नूडल्सचं बघू, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. नावात सोबा आहे म्हणून सोबाचं पाकीट आणू नका. त्या कुट्टूच्या पिठाच्या असतात, परतायला गेलं की तुटतात. याकिसोबाच्या नूडल्स गव्हाच्या, रामेन या सूपमधल्या नूडल्सच्या जातीच्या. त्यांच्या पिठात कानसुई म्हणजे क्षाराचं पाणी घालतात, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्यानेच तो पिवळसर रंग येतो आणि दाताखाली तो चिवटपणा लागतो. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो ना, त्याच घरातला हा प्रकार आहे. जपानमध्ये या नूडल्स वाफवून, तेलाचा हात लावून फ्रिजच्या रॅकमध्ये मिळतात, एका पाकिटात तीन जणांच्या तीन गड्ड्या आणि सोबत सॉसची पावडर, मारुचान या ब्रँडचं असलं पाकीट १९७५ पासून विकलं जातंय आणि तिथल्या रोजच्या घरात याकिसोबा म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं, कोणी पीठ मळत बसत नाही.

इथे ते पाकीट सहज मिळत नाही पण साध्या इन्स्टंट नूडल्सचं पाकीट उलटं करून बघा, घटकांमध्ये ५०० आणि ५०१ असे आकडे दिसतील, ते हेच दोन क्षार. म्हणून मसाल्याची पुडी बाजूला ठेवून त्याच नूडल्स वापरल्या तर हक्का नूडल्सपेक्षा जवळची चव येते. उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लडी सुटली की लगेच काढायच्या, त्या आधीच शिजवलेल्या असतात. दुसरा उपाय म्हणजे बारीक स्पॅगेटी, एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून उकडायची. सोडा घातला की पाणी एकदम फसफसून वर येतं, पातेलं मोठं घ्या. नंतर नळाखाली नीट धुवा नाहीतर सोड्याचा वास राहतो.

आता लगदा. नूडल्स चाळणीतून थेट कढईत टाकल्या की त्यांच्यावरचं पाणी आणि स्टार्च मिळून खळ तयार होते, त्यात कढई गार पडते, मग आपण घाबरून ढवळत बसतो आणि सगळं मोडतं. उकडल्यावर गार पाण्याखाली धुवायच्या, निथळायच्या, चमचाभर तेल चोळून ताटात पसरून अर्धा तास तशाच ठेवायच्या. मी तर सकाळी उकडून फ्रिजमध्ये ठेवते आणि संध्याकाळी करते, ते सगळ्यात छान होतं.

भांडं कढई नको, डोशाचा लोखंडी तवा घ्या, जितका मोठा असेल तितका. तिकडे जत्रेत हा सपाट लोखंडी पत्र्यावर करतात, दोन हातात दोन उलथनी घेऊन, आणि तो सपाटपणा महत्त्वाचा आहे कारण नूडल्सना खरपूस डाग पडायला हवेत. याकि म्हणजे भाजलेलं! मला हे शेजारच्या जपानी आजींनी शिकवलं, त्या नूडल्स आधी एकट्याच टाकायच्या, थोडं तेल, मोठी आच, आणि दोन मिनिटं हातच लावायचा नाही. खालून डाग पडले की धिरड्यासारखं अख्खं उलटायचं, दुसरी बाजू, मग ताटात काढून ठेवायचं. मी मध्येमध्ये उलथनं घालायला गेले की त्या माझा हात धरायच्या. तुमची चव हक्का नूडल्ससारखी येते त्याचं एक कारण मला वाटतं हेच आहे, आपण सतत उडवत राहतो.

मग त्याच तव्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप, ते चालत नसेल तर चिकन किंवा मश्रूम, मग गाजर, मग कोबी. कोबी हक्कासारखा बारीक चिरू नका, हाताने तोडून दोन-तीन बोटं रुंद तुकडे करा आणि कच्चट असतानाच थांबा. त्यांची मोयाशी म्हणजे बहुतेकदा मुगाचेच लांब पांढरे मोड, ते मिळाले तर शेवटी मूठभर घाला. आता नूडल्स परत, दोन चमचे पाणी शिंपडायचं, वाफेने त्या सुटतात, पाणी उडालं की मगच सॉस, आणि सॉसनंतर जेमतेम एक मिनिट. आणि कृपा करून एका वेळी दोनच जणांचा करा, चार जणांचा एकदम टाकला की भाजत नाही, शिजतो.

सॉससाठी सोया सॉस, व्हिनेगर आणि चिली सॉस हे त्रिकूट विसरा, त्यानेच तो चायनीज होतो. आलं-लसूणही नको. याकिसोबाचा सॉस वूस्टरशायर या इंग्रजी सॉसच्या घरातला, फळं, भाज्या, व्हिनेगर आणि मसाल्यांचा, आंबटगोड. दोघांसाठी मी दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस, दोन छोटे चमचे ऑयस्टर सॉस, दोन छोटे चमचे केचप, एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा साखर आणि भरपूर मिरपूड घेते. आपल्याकडचा वूस्टरशायर पातळ असतो, म्हणून पुष्कळदा साखरेऐवजी भिजवलेल्या खजुराचा लगदा चमचाभर घालते. हे मनाचं नाही, हिरोशिमाची ओताफुकु कंपनी तिच्या ओकोनोमी सॉसमध्ये, म्हणजे ओकोनोमियाकी या जपानी धिरड्यावर लावायच्या सॉसमध्ये, खजूरच वापरते, आणि तो घातल्यावर सॉस नूडल्सना धरून राहतो. मीठ वेगळं लागत नाही. शाकाहारी असाल तर लेबल वाचा, वूस्टरशायरमध्ये पुष्कळदा अँचोवी मासा असतो आणि जपानी तयार सॉसमध्ये मांसाचा किंवा ऑयस्टरचा अर्क.

वरून घालायचं ते टाळू नका. आओनोरी म्हणजे हिरव्या शेवाळाचा चुरा, तो ऑनलाइन मिळतो, नाही मिळाला तर सुशीची नोरी तव्यावर कुरकुरीत करून चुरा, वास वेगळा येतो पण चालतं. आणि बेनी शोगा, लाल आल्याच्या काड्या, त्या उमे या आंबट जपानी फळाच्या खारट आंबट पाण्यात मुरवलेल्या असतात. त्यासाठी मी काय करते सांगू? कोकमाचं आगळ. आल्याच्या बारीक काड्या मीठ लावून पिळायच्या आणि आगळात बुडवून दोन दिवस ठेवायच्या. खारट, आंबट, लाल, सगळं त्यात आहे, आणि माझ्या नवऱ्याला तर आता मूळच्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

गावागावात पद्धत बदलते हेही सांगते, म्हणजे तुम्हाला मोकळीक वाटेल. शिझुओका प्रांतातल्या फुजिनोमिया गावाला नूडल्स जास्त चिवट असतात, चरबी काढून उरलेले डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे घालतात आणि वर सुक्या माशांची पूड. २००६ साली बी-वन ग्रँड प्री ही स्थानिक पदार्थांची पहिली स्पर्धा त्यांनीच जिंकली. आकिता प्रांतातल्या योकोते गावाला वर अर्धकच्चं अंडं आणि बाजूला फुकुजिनझुके नावाचं गोडसर लोणचं. अंड्याचं मी नेहमी करते, बलक फोडून नूडल्समध्ये कालवला की सॉसचा आंबटपणा एकदम मऊ होतो, मुलांना द्यायचा असेल तर असाच द्या.

आणि उरला तर फेकू नका, गरमही करू नका. तिकडे याकिसोबा पान मिळतो, लांबट पावाला वरून चीर देऊन आत याकिसोबा भरलेला. त्यांचं पान आणि आपला पाव दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत. लांबट पाव आणा, आतून बटर लावा, गार याकिसोबा दाबून भरा आणि वर आगळातल्या आल्याच्या चार काड्या. दुसऱ्या दिवशी डब्याला मी हाच देते, त्यासाठी आदल्या दिवशी मुद्दाम थोडा जास्त करते.