नेड बावळट की बहिणी लबाड?

प्रश्न : परवा आम्ही घरी ‘अवर इडियट ब्रदर’ पाहिला आणि जेवता जेवता दोन तट पडले. ह्यांचं म्हणणं, असा भाऊ म्हणजे घराला लागलेली साडेसाती. तिन्ही बहिणींचं बस्तान ह्याच्यापायी विस्कटलं. मला तर नेडचं कुठे काही चुकलं असं वाटलंच नाही. बरोबर कोण? आणि आमच्या आठवीतल्या मुलाला दाखवावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : निकाल तुमच्या बाजूने, पण पैकीच्या पैकी देणार नाही.

सुरुवातीचा बाजारातला प्रसंग आठवा. नेड भाजी विकतोय. अंगावर वर्दी असलेला पोलीस येऊन चक्क गांजा मागतो. नेडला आधी शंका येतेच, हा आपल्याला अडकवतोय म्हणून. पण पोलीस म्हणतो, आठवडा फार वाईट गेला हो. झालं! नेड विरघळतो, फुकटच द्यायला निघतो. पैसे घे म्हणून आग्रह धरतो तो पोलीस, आणि मग बेड्या. म्हणजे अक्कल आहे. समोरचा दुःखात आहे म्हटल्यावर तो ती बाजूला ठेवतो. पॉल रडने हे वेडगळ चेहरे न करता केलंय, म्हणून तर चित्रपट तगतो.

आता तुमच्या यजमानांचं आरोपपत्र. बहीण नॅटलीला दिवस जातात ते भलत्याच माणसापासून. जोडीदारीण सिंडीला सगळं सांगून टाकलंय, अशी थाप ती नेडला मारते. हा बापडा सिंडीसमोर तोच विषय काढतो! दुसरी बहीण लिझ, तिचा माहितीपट काढणारा नवरा आणखी पुढचा. मुलाखत घेताना आपणही नागडं का असायला हवं, हे तो नेडला गंभीरपणे पटवून देतो (स्टीव्ह कूगनचा निगरगट्टपणा बघाच), आणि नेड ते जसंच्या तसं बहिणींना सांगतो. तिसरी बहीण, पत्रकार मिरांडा, तिला एका बाईने नेडला विश्वासाने सांगितलेलं छापायचं असतं. तो दुजोरा देत नाही. फुटलेलं प्रत्येक बिंग दुसऱ्याच कुणी शिजत ठेवलेलं होतं, नेडचा हात फक्त झाकणाला लागला.

ही भांडणं इतकी घरगुती वाटतात, कारण मामलाच घरचा आहे. दिग्दर्शक जेसी पेरेट्झ, पटकथा त्याची सख्खी बहीण इव्हजेनिया आणि तिचा नवरा डेव्हिड शिसगल यांची. इव्हजेनिया स्वतः ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात लिहिणारी, पडद्यावरची मिरांडाही तिथलीच! डमशराजच्या खेळात बहिणी एकमेकींवर तुटून पडतात आणि खेळ चालू ठेवायला धडपडणारा नेड एकदाचा भडकतो, तो प्रसंग मला सगळ्यात आवडला. शेवट मात्र फारच झटपट गोड केलाय.

गुण कुठे कापले? पॅरोल अधिकाऱ्यालाच गप्पांच्या ओघात गांजा ओढल्याचं सांगणं, ह्याला भोळेपणा म्हणवत नाही. तो गुण तुमच्या ह्यांना.

मुलाला आत्ताच नको. अमेरिकेत 2011 साली आला तेव्हा त्याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच पाहायचा), नग्नता आणि शिव्या दोन्ही भरपूर. शिवाय नेडच्या कुत्र्याचं नाव विली नेल्सन का, हे त्याने विचारलं, तर गांजाची जाहीर तरफदारी करणारा गायक कोण, इथपासून सांगत बसावं लागेल.