एकाच कन्सोलवर की सगळीकडे? हा हिशेब शिकता येतो

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेम्सचं प्रचंड वेड आहे, पण प्रोग्रामिंग येत नाही. एखादा गेम फक्त सोनीच्या प्लेस्टेशनवरच का येतो, सगळ्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या सगळ्या यंत्रांवर, आणला तर जास्त खपणार नाही का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. घरचे म्हणतात, यात करिअर कसलं? असे निर्णय घेण्याचं काम असतं का? ते मला जमेल का?

उत्तर : असतं. आणि हा प्रश्न तुला पडतो, ही मला तुझी जमेची बाजू वाटते.

तुझं गणित चूक नाही, अर्धं आहे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्र अनेकदा जेमतेम नफ्यावर, कधी तोट्यातही विकते. तिची कमाई त्यानंतर सुरू होते. त्या यंत्रासाठी इतरांनी विकलेल्या गेममधून साधारण 30 टक्के वाटा तिला मिळतो. त्यामुळे सोनीचा स्वतःचा गेम फक्त प्लेस्टेशनवर आला, तर त्याचा हिशेब केवळ त्याच्या खपावर होत नाही. त्या गेमसाठी यंत्र घेतलेला माणूस पुढची कित्येक वर्षं त्यावर दुसऱ्यांचे गेम घेत राहतो.

बाहेरच्या पब्लिशरला, म्हणजे स्वतःचं कन्सोल नसलेल्या, गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीला ही कमाई नाही. मग तो एका कन्सोलला का बांधून घेतो? बहुतेक वेळा जोखीम दुसरा कुणीतरी उचलतो म्हणून. 2014 मधला 'बायोनेटा 2' निन्टेंडोने पैसा घातला म्हणून झाला आणि म्हणूनच तो त्यांच्या वी यू या कन्सोलवर आला. कधी कारण यंत्रातच असतं. 1997 चा 'फायनल फँटसी 7' तीन सीडींवर होता. निन्टेंडो 64 या कन्सोलवर गेम ज्यातून यायचे त्या छोट्या कार्ट्रिजमध्ये तो मावणं शक्य नव्हतं. कधी करार ठरावीक मुदतीचाच असतो. 'राइज ऑफ द टूम रेडर' 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशन 4 वर पोचायला ऑक्टोबर 2016 उजाडला.

अलीकडे हे पारडं फिरलं आहे, ते खर्चामुळे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' चा खर्च सुमारे 22 कोटी डॉलर असल्याचं बाहेर आलं. एवढा पैसा एकाच कन्सोलच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करायचा, म्हणजे एकाही गेमला आपटण्याची मुभा नाही. सोनीने 'होरायझन झीरो डॉन' 2020 मध्ये पीसीवर आणला. 'हेलडायव्हर्स 2' तर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 आणि पीसीवर एकाच दिवशी आला, कारण चौघांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या गेमला गर्दी लागते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम इतर कन्सोलना दिले आणि 'फायनल फँटसी'वाल्या स्क्वेअर एनिक्सने मल्टिप्लॅटफॉर्म, म्हणजे गेम अनेक यंत्रांवर आणणं, हे आपलं धोरण म्हणून जाहीर केलं.

पण सगळीकडे गेम आणणं फुकट होत नाही, आणि या क्षेत्रात यायचं असेल तर इथे जरा थांब. 'बाल्डर्स गेट 3' 2023 च्या ऑगस्टमध्ये पीसीवर आला, सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशन 5 वर. एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर लागला. एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल, सीरिज एस, ताकदीने कमी आहे आणि पडदा दुभागून दोघांनी खेळण्याची सोय त्यावर नीट चालेना. मायक्रोसॉफ्टने त्या मॉडेलपुरती ती सोय वगळायला परवानगी दिली, तेव्हा वाट मोकळी झाली. यात कोडचा प्रश्न होता, कराराच्या अटीचा होता आणि उशिरामुळे अडकणाऱ्या विक्रीचाही होता. या तिन्ही बाजू एकत्र पाहू शकणारा माणूस स्टुडिओला लागतो. तो प्रोग्रामरच असावा लागतो असं नाही.

या कामाला बिझनेस डेव्हलपमेंट, लायसन्सिंग, प्रॉडक्ट मॅनेजमेंट अशी नावं आहेत. प्रोड्यूसरही त्यात असतो. पहिल्याच नोकरीत असे करार तुझ्या हाती येणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. सुरुवात बहुधा विक्रीचे आकडे पाहण्यापासून, टेस्टिंगपासून किंवा कन्सोल कंपनीच्या सर्टिफिकेशनसाठी, म्हणजे विक्रीआधीच्या तपासणीसाठी, गेम तयार ठेवणाऱ्या टीममधून होते. माझ्या मते टेस्टिंगला कमी लेखू नकोस. एकच गेम दोन यंत्रांवर वेगळा का वागतो, हे तिथे कळतं.

वाणिज्य शाखेचा तुला फायदाच आहे. कराराचा कायदा मन लावून वाच. हक्क किती काळाचे, मिनिमम गॅरंटी म्हणजे काय, आगाऊ रकमेची वसुली कशी होते, हे उदाहरणं सोडवून शीक. प्रोग्रामर होऊ नकोस, पण युनिटी किंवा अनरिअल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा गेम बनवून बघ, म्हणजे 'पोर्ट करायला (दुसऱ्या यंत्रावर न्यायला) किती महिने लागतील?' हा प्रश्न विचारताना समोरच्याचं उत्तर समजेल.

या महिन्यात एक काम कर. कॅपकॉम कंपनीचा 'रेझिडेंट इव्हिल 4' जानेवारी 2005 मध्ये फक्त निन्टेंडोच्या गेमक्यूबवर आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 2 वरही. एक पान कॅपकॉमच्या बाजूने लिही, एक निन्टेंडोच्या बाजूने : या नऊ महिन्यांत कुणाला काय मिळालं, कुणी काय गमावलं. ती दोन पानं नोकरीच्या अर्जाला जोड. त्याआधी घरच्यांना वाचायला दे.