अभयारण्यातल्या वाडीचा रस्ता वनखात्यानं थांबवला. आता पुढे काय?

प्रश्न : आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत आमची वाडी आहे. मी गावची सरपंच. डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत २.४ किलोमीटरची चढणीची पायवाट आहे, त्यातली १.६ किलोमीटर जंगलातून जाते. आजारी माणूस, अडलेली बाई डोलीतून खाली आणावी लागते. हिरड्याची पोती डोक्यावरून उतरवतो. जिल्हा परिषदेनं साडेसात मीटर रुंदीचा रस्ता मंजूर केला, ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला दिला, ठेकेदारानं जेसीबी लावला. थोडी खोदाई झाली आणि वनरक्षकांनी काम थांबवून पंचनामा केला, जेसीबी जप्त केला. मला जबाबासाठी नोटीस आली आहे. अंदाजपत्रकाला जोडलेल्या एका कागदावर 'या कामामुळे वन्यजीवांवर कोणताही परिणाम होणार नाही' असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. वाटेत आमची देवराई लागते, तिथं शेकरूची घरटी आहेत हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. काही जण म्हणतात, वनहक्क कायद्यात रस्त्याला सूट आहे, काम पुढे चालू करा. माझ्यावर गुन्हा होईल का? आणि रस्ता होईल का?

उत्तर : सरपंचताई, आधी जबाबाचं बोलू, कारण त्याला तारीख आहे.

नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे ते वाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ५० खाली असेल तर सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानं आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात चालतो. पोलिसांपुढच्या जबाबासारखा तो नंतर सहज बाजूला पडत नाही. म्हणून एकट्या जाऊ नका, तालुक्यातला फौजदारी काम करणारा वकील सोबत न्या. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सांगायचं ते खरंच सांगा. कामाचा आदेश कोणी दिला, यंत्र कोणी आणलं, परवानगी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं, हे ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं.

गुन्हा होऊ शकतो का? होऊ शकतो. अभयारण्यातला अधिवास परवान्याशिवाय नष्ट करणं, त्याचं नुकसान करणं हे कलम २९ नं मना केलं आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण कामाचा आदेश जिल्हा परिषदेचा आणि यंत्र ठेकेदाराचं असताना फक्त ना हरकत दाखला दिला म्हणून सरपंचाला मुख्य आरोपी करणं सोपं नाही. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे वनखात्याची परवानगी नव्हे, हे त्या दोघांनीही जाणायला हवं होतं. तुमची खरी अडचण दाखल्यात नाही, ती त्या दुसऱ्या कागदात आहे. त्याच्याकडे येतोच.

जेसीबीची काळजी त्याच्या मालकानं करायची आहे. मात्र गावात 'यंत्र आता सरकारजमा झालं' अशी आवई उठली असेल तर तेवढं खरं नाही. नुसत्या जप्तीनं वाहन सरकारच्या मालकीचं होत नाही आणि दंडाधिकारी ते अंतरिम ताब्यात देऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये मधुकर राव प्रकरणात म्हटलं आहे. जप्ती भारतीय वन अधिनियम १९२७ खाली असेल आणि सरकारजमा करण्याची कारवाई सुरू झाली असेल, तर मात्र वाट वेगळी आणि अवघड आहे.

आता वनहक्क कायद्यातल्या सुटीकडे वळू. ती खरी आहे, पण गावात सांगतात तेवढी मोठी नाही. २००६ च्या त्या कायद्याचं कलम ३(२) शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ते अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन द्यायला वाव देतं. सुविधा शासनाच्या व्यवस्थापनातली हवी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागायला हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अर्ज रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेनं करायचा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यानं जागा पाहून अहवाल द्यायचा, उपवनसंरक्षकानं निर्णय घ्यायचा. तो असहमत असेल तर प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जातं. यातलं काहीही न करता जेसीबी चढला, म्हणून ही सूट आज तुमच्या हातात नाही.

आणि पुढेही ती एकटी पुरणार नाही. हे कलम 'वन (संवर्धन) अधिनियम १९८० मध्ये काहीही असलं तरी' असं म्हणून सुरू होतं. म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंधन घालणाऱ्या त्या कायद्यापुरतीच ही सूट आहे. त्यात वन्यजीव कायद्याचं नाव नाही. त्याच वनहक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. माझ्या मते याचा अर्थ एकच निघतो : अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलात ३(२) ची परवानगी तुमचं काम भागवते, अभयारण्याच्या आत कलम २९ चा उंबरठा उरतोच. तिथं प्रस्ताव मुख्य वन्यजीव रक्षक, राज्य वन्यजीव मंडळ आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती असा चढत जातो. वेळ लागतो, खोटा धीर देत नाही.

तुमच्या रस्त्याचं गणित मांडून बघा. जंगलातली लांबी १,६०० मीटर. साडेसात मीटर रुंदीनं गुणलंत तर १.२ हेक्टर होतात, म्हणजे सूट तिथंच संपली. साडेसात मीटर हे सपाटीवरच्या ग्रामीण रस्त्याचं माप आहे. डोंगराळ भागासाठी सहा मीटर चालतात. सहानं गुणलं की ०.९६ हेक्टर, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम आत. पण यात वळणावरची जादा रुंदी, गटार, संरक्षक भिंत, डोंगर कापल्यावरचा उतार आणि निघालेली माती टाकायची जागा धरली आहे का, हे अभियंत्याला विचारा. धरली नसेल तर एक हेक्टर कधीच ओलांडला. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दाखवून दोन अर्ज करायची कल्पना कोणी सुचवेल, ती ऐकू नका. रुंदी आणखी कमी करा, मधे मधे गाडीला बाजू द्यायला जागा ठेवा. वाडीला रुग्णवाहिका आणि जीप यायला हवी, पर्यटकांची बस नव्हे.

झाडांचं तसंच. ०.९६ हेक्टरला ७२ झाडं बसतात. प्रत्येक झाड मोजून, जात आणि घेर लिहून यादी करा.

आता तो कागद. 'कोणताही परिणाम नाही' हे वाक्य कोणीही जागेवर न जाता लिहिलं आहे हे उघड आहे, आणि वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते खोटं आहे हे माहीत असताना त्यावर सरपंचाची सही आहे. समोरच्या बाजूचा वकील पहिला हाच कागद उचलेल. चुकीच्या माहितीवर मिळालेली मंजुरी पुढे रद्दही होऊ शकते. त्यामुळे जिल्हा परिषदेला आणि उपवनसंरक्षक (वन्यजीव) यांना पत्र द्या की हे विधान प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेलं नव्हतं, ते मागे घेत आहोत आणि पाहणी करून नवा अहवाल जोडू. पत्राची शब्दरचना तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, कारण जबाब आणि पत्र एकाच दप्तरात जाणार आहेत.

नवा अहवाल कोण करणार? एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना राष्ट्रीय महामार्गांना आणि राज्य महामार्गांना लागते, वाडीच्या रस्त्याला नाही. म्हणजे जनसुनावणी नाही, जाड अहवाल नाही. लहान रस्ता बिनतपासणीचा निसटतो तो यामुळेच, आणि सह्याद्रीत जंगलाचे तुकडे पडले त्यात अशा लहान रस्त्यांचा वाटा थोडा नाही. वन्यजीव मंजुरीच्या प्रस्तावात जे लिहिलं जाईल तेवढंच मूल्यांकन. म्हणून ते नीट व्हायला हवं. खर्च रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेचा, पण पाहणीत गावची माणसं हवीत असा आग्रह ग्रामसभेच्या ठरावातच लिहा. कुठल्या झाडावर घरटं आहे, भेकर कुठून ओढ्याला उतरतं, बिबट्याची विष्ठा कुठल्या वळणावर सापडते, हे हिरडा गोळा करणाऱ्या बायका जितकं सांगतील तितकं बाहेरचा सल्लागार दोन दिवसांत सांगू शकणार नाही.

शेकरूपासून सुरुवात करा. हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झालं, आणि राज्यप्राणी शेकरू ही त्याची ओळख. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतो. तो फांदीवरून फांदीवर जातो, उडी साधारण वीस फुटांपर्यंत मारतो आणि एकेक शेकरू झाडांच्या शेंड्याजवळ अनेक घरटी बांधून ठेवतो. त्यामुळे 'घरटं असलेलं झाड वाचवलं' एवढ्यानं काम होत नाही. सहा मीटरचा रस्ता म्हणजेच वीस फूट. वरून दोन्ही बाजूंच्या फांद्या छाटल्या तर आकाशाची फट त्याहून रुंद होते आणि देवराईचे शेकरूपुरते दोन भाग होतात. अहवालात दर पन्नास मीटरवर डोक्यावरचं छत्र किती जुळलेलं आहे याची नोंद हवी, फोटोसकट. जिथं अंजनी आणि जांभळाच्या फांद्या वाटेवर एकमेकींत गुंतल्या आहेत, तिथं रस्ता तीन मीटरवर आणावा आणि फांद्यांना हात लावू नये. सगळ्यात बरं म्हणजे देवराईच्या कडेनं, मालकीच्या पडीक जमिनीतून वाट वळवता येते का ते पाहावं. १०० मीटर लांबी वाढली तरी चालेल, जंगलातली लांबी कमी होते आणि तुमचा हेक्टरही आवाक्यात राहतो.

पाहणी एकाच ऋतूत उरकू नका. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओहोळ आषाढात वाट अडवतो, आणि पहिल्या पावसात रात्री बेडूक, खेकडे याच वाटा ओलांडतात. तिथं नळ टाकायचा की तळ मोकळा ठेवणारी मोरी बांधायची, हा निर्णय पावसाळा पाहिल्याशिवाय होत नाही. खोदलेली माती दरीच्या बाजूला लोटून द्यायची सवय ठेकेदारांना असते. तिच्याखाली खालच्या उतारावरचं जंगल गाडलं जातं. त्यासाठी टाकण्याची जागा नकाशावर दाखवलेली हवी. आणि हा प्रश्न फक्त प्राण्यांचा नाही. तुमच्याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. भर पावसाच्या पट्ट्यात उभा उतार यंत्रानं कापायचा असेल तर वाडीच्या वरच्या बाजूचा भूवैज्ञानिक अहवाल मागणं हा तुमचा स्वतःच्या जिवासाठीचा हट्ट असला पाहिजे.

रस्ता झाल्यानंतरचा परिणाम बहुतेक अहवालांत नसतोच. साडेसात मीटरचा आग्रह नक्की कोणाचा आहे, हे गावात शांतपणे विचारा. पश्चिम पट्ट्यात कुठल्या वाडीला रस्ता होणार याची बातमी जमीन घेणाऱ्यांना आधी लागते. म्हणून ग्रामसभेनं अटी स्वतःच मागाव्यात : रुंदी पुढे वाढवणार नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, सुरुंग नाहीत, सूर्यास्तानंतर बांधकाम नाही, पायथ्याला नाका आणि रात्री गावकरी व रुग्णवाहिका सोडून वाहनांना बंदी. बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्रीची वाहतूक बंद आहे. तिथं जे महामार्गाला लागू होतं ते वाडीच्या रस्त्याला मागणं जगावेगळं नाही. गावानं स्वतःहून अशा अटी घातलेला प्रस्ताव मंडळापुढे गेला, तर त्याचं वजन आमदारांच्या शिफारसपत्राहून जास्त पडेल असं मला मनापासून वाटतं.

दरम्यान डोलीचं काय? इथं एक वाट कमी वापरली जाते. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ खाली मुख्य वन्यजीव रक्षक अभयारण्याच्या कामासाठी स्वतः रस्ते, पूल बांधू शकतात. तुमची पायवाट गस्तीचीही वाट आहे. तिची आहे त्या रुंदीत, हातानं, दगड बसवून दुरुस्ती करा, ओहोळावर साकव टाका, अशी लेखी मागणी वनखात्याकडे करा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित क्षेत्रातल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच करायचा आहे. तेव्हा ही मागणी आराखड्यात घाला. वाडी अनुसूचित क्षेत्रात मोडते का हे तहसील कार्यालयात खात्री करून घ्या. दुरुस्तीला महिने लागतील, वर्षं नाहीत.

काम परत चालू करा म्हणणाऱ्यांना ठाम नाही म्हणा. एकदा थांबवल्यानंतर दुसऱ्यांदा यंत्र चढलं तर 'माहीत नव्हतं' हा तुमचा बचाव संपला.

ग्रामसभेच्या ठरावाला निम्मी उपस्थिती आणि सह्या नीट घ्या, बायकांची उपस्थिती वेगळी नोंदवा. सोबत गावनकाशा, १९८५ च्या आधीपासून वाट वापरात असल्याचे जुने दाखले, खोदलेल्या जागेचे फोटो, झाडांची यादी, आणि गेल्या काही वर्षांत डोलीतून नेलेल्या रुग्णांचे दवाखान्याचे कागद लावा. प्रस्ताव परिवेश पोर्टलवर, म्हणजे वन आणि वन्यजीव मंजुऱ्यांच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, जिल्हा परिषदेनं भरायचा आहे. भरला का, कुठे अडला, हे तिथं कोणालाही पाहता येतं, दर महिन्याला पाहत जा. उद्या मंजुरी नाकारली किंवा भलत्या अटींवर दिली तर लक्षात ठेवा : वन संवर्धन कायद्याचा वाद पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात नेता येतो आणि तिथं अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. वन्यजीव कायदा त्या न्यायाधिकरणाच्या यादीत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागेल. आदेशाची प्रत हातात पडली की तारीख टाकून पोच घ्या आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.