चेंबरचे तुटलेले झाकण आणि व्यवस्थापन समितीचे दायित्व

सचिव महोदय,

आपल्या पत्रावरून प्रकरण असे दिसते. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील सांडपाण्याच्या चेंबरचे बिडाचे झाकण गेल्या वर्षी चोरीला गेले, म्हणून प्लंबिंगच्या कंत्राटदाराने तेथे सिमेंटचे झाकण बसवले. पाण्याच्या टँकरखाली ते तडकले, वॉचमनने त्यावर प्लायवुडचा तुकडा टाकला आणि तिसऱ्या रात्री पार्सल घेऊन आलेला तरुण त्यावर पाय पडताच आत कोसळला. त्याच्या नडगीचे हाड मोडले असून आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. दोष कंत्राटदाराचा आहे आणि त्या तरुणाने खाली बघून चालायला हवे होते, असे समितीचे म्हणणे आहे.

सर्वांत आधी, ते तुटलेले झाकण भंगारात देऊ नका. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तोच आहे. आयएस १२५९२ या भारतीय मानकात काँक्रीटच्या झाकणांच्या चार ग्रेड आहेत: एलडी, एमडी, एचडी आणि ईएचडी, आणि त्यांची भारक्षमता अनुक्रमे २.५, १०, २० व ३५ टन धरलेली आहे. झाकणावर उत्पादकाची खूण, ग्रेड आणि ओतल्याची तारीख पुसली जाणार नाही अशा रीतीने असावी लागते. झाकण पाण्याने धुऊन त्यावरची अक्षरे वाचा आणि छायाचित्रे काढून ठेवा. दहा हजार लिटरच्या टँकरमधले नुसते पाणीच दहा टन भरते, वाहनाचे वजन वेगळे. त्यामुळे तिथे ‘एलडी’ कोरलेले निघाले किंवा काहीच कोरलेले नसले, तर झाकण त्या जागेसाठी नव्हतेच हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. फ्रेमची खोबणही पाहा. तीत खडी अडकली असेल तर झाकण एका कडेवर तोलले जाते, प्रत्येक गाडीखाली खडखडते आणि शेवटी तडकते. अशा खडखडाटाची तक्रार कोणा सभासदाने तक्रारवहीत लिहिलेली असेल, तर समितीला धोक्याची कल्पना होती असे समोरचा पक्ष म्हणेल, आणि ते म्हणणे खोडणे कठीण जाईल.

आता दायित्वाविषयी. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या घंटाघर कोसळल्याच्या प्रकरणात असे मानले की, दोष वरून दिसत नव्हता एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही, आणि काही घटना अशा असतात की ती घटनाच निष्काळजीपणाची साक्ष देते. तो निर्णय रस्त्यालगतच्या बांधकामाविषयी होता, त्यामुळे आपल्या आवाराला तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही. पण आपल्या बाबतीत दोष लपलेला नव्हताच. झाकण तडकल्याचे तीन दिवस माहीत होते. माझ्या मते प्लायवुडचा तुकडा ही आपली सर्वांत दुबळी बाजू आहे, कारण उघडा खड्डा निदान दिसतो, तर त्या तुकड्याने धोका झाकला आणि जागा सुरक्षित असल्याचा भास निर्माण केला. म्हणूनच ‘बघून चालायला हवे होते’ हा बचाव मला टिकणारा वाटत नाही. फार तर भरपाईची रक्कम थोडी कमी होईल.

कंत्राटदारावरही दावा होऊ शकतो, परंतु जखमी तरुणाने आधी त्याच्याकडे जावे असे बंधन नाही. तो दोघांनाही प्रतिवादी करू शकतो. त्याला द्यावी लागणारी रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा मार्ग संस्थेला खुला आहे. कामाचा आदेश आणि बिल काढून पाहा. आदेशात ग्रेड लिहिलेली असून हलके झाकण बसवले गेले असेल, तर तो अडचणीत आहे. मात्र समितीने फक्त ‘स्वस्तातले झाकण’ मागितले असेल, तर त्या दोषात समितीचाही वाटा आहे.

हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. निष्काळजीपणाने ती झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार झाल्यास झाकण कोणी पाहिले आणि कोणाला कळवले हा क्रम पोलीस विचारतील, तेव्हा तो आत्ताच जसा घडला तसा लिहून ठेवा. झाकण बदलण्याचा ठराव मागील तारखेने इतिवृत्तात घालावा असे एका सदस्याने सुचवल्याचे आपण लिहिले आहे. ते कदापि करू नका. आज जो प्रश्न निष्काळजीपणाचा आहे, तो त्याने खोट्या पुराव्याचा होईल.

आणखी एक. चेंबरमध्ये पडलेले तुकडे काढण्यासाठी कोणालाही संरक्षक साधनांशिवाय आत उतरवू नका. मलवाहिनी आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तुकडे वरून आकड्याने काढता येतात.

चेंबरभोवती आज पक्के कठडे लावा आणि टँकरचा मार्ग बंद करा. संस्थेची सार्वजनिक दायित्वाची विमा पॉलिसी असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा, कारण विलंब झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी असल्यास आधी कंपनीची लेखी संमती घेऊन आणि दायित्व मान्य न करता, त्या तरुणाच्या उपचाराचा खर्च देण्याची तयारी नोटिशीच्या उत्तरात दाखवावी असे मी सुचवतो. तो अंथरुणाला खिळलेला असताना त्याची कमाई बंद आहे, आणि तडजोडीची बोलणी याच आठवड्यात सुरू झाली तर दोन्ही बाजूंचे हित त्यात आहे.