लीग म्हणते आपसात मिटवा, मग रेफ्रीने काय करायचं?

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात असं, की हौशी फुटबॉल लीगच्या मॅचमध्ये रेफ्री म्हणून तुम्ही एका खेळाडूला दुसरं यलो कार्ड आणि मग रेड दाखवलं, शेवटची शिट्टी झाल्यावर तुम्ही टचलाइनकडे चालत येत असताना त्याने येऊन जबड्यावर बुक्की मारली, एक दात गेला, कामावर तीन आठवडे खाडा. आणि लीगचे सेक्रेटरी म्हणतात मॅच संपलेली होती, तुम्ही काही आमचे नोकर नाही, त्याला सहा मॅच बाहेर बसवतो, ह्या कागदावर सही करा म्हणजे डेंटिस्टचं बिल देऊ, पोलिसात कशाला जाता.

सही करू नका. तो कागद बहुतेक "यापुढे कोणाविरुद्ध काही तक्रार नाही" असाच असणार, आणि एका बिलाच्या बदल्यात तुम्ही खेळाडू, क्लब, लीग सगळ्यांना मोकळं सोडाल. पुढे इम्प्लांट करावं लागलं तर ते कोणाच्या खिशातून?

मॅच संपलेली होती हे तर सरळसरळ चुकीचं आहे. फुटबॉलच्या नियमांतल्या नियम 5 (रेफ्रीबद्दलचा) प्रमाणे मॅचआधीच्या पाहणीसाठी मैदानात पाऊल टाकल्यापासून ते मॅच संपल्यावर मैदान सोडेपर्यंत शिस्तीची कारवाई करायचा अधिकार रेफ्रीकडेच असतो, आणि तुम्ही टचलाइनच्या आतच होता. शिवाय मॅचच्या आधी, चालू असताना, नंतर जे काही घडलं ते रिपोर्टमध्ये लिहायचं हेही त्याच नियमात आहे. आणि सहा मॅचचं म्हणाल तर फिफाच्या शिस्तसंहितेत मॅच ऑफिशियलला मारहाण केली तर कमीत कमी 15 मॅच किंवा योग्य तेवढ्या काळाची बंदी आहे. आता तुमच्या लीगचा आकडा तिच्या स्वतःच्या नियमावलीत आणि वर ज्या असोसिएशनशी ती जोडलेली आहे तिच्या नियमावलीत बघायचा, पण सेक्रेटरींनी फोनवर मनाने सांगितलेला आकडा म्हणजे निकाल नव्हे. सुनावणी लावा, निकाल लागेपर्यंत त्याला खेळवू नका आणि निकालाची प्रत मला द्या, असं लेखी मागा.

पोलिसांचं प्रकरण पूर्ण वेगळं. बॉल लागणं, धडकणं हे खेळात चालायचंच, पण रेफ्रीला बुक्की मारणं कुठल्याच खेळाचा भाग नाही, तो गुन्हा आहे आणि तो मिटवायचा अधिकार लीगकडे नाही. डिसेंबर 2023 मध्ये तुर्कस्तानात वरच्या लीगची मॅच संपल्यावर क्लबच्या अध्यक्षानेच मैदानात येऊन रेफ्रीला ठोसा मारला, तेव्हा फेडरेशनने लीग थांबवल्या, त्याच्यावर कायमची बंदी घातली, आणि अटक झाली ती वेगळीच. एक झालं म्हणून दुसरं थांबलं नाही. तक्रार द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण सेक्रेटरींना वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

आता तुमचा कच्चा दुवा. मॅच रिपोर्टमध्ये तुम्ही एवढंच लिहिलंय, "खेळाडूने मॅचनंतर गैरवर्तन केले." डोकं गरगरत असताना लिहिलं, समजू शकतो, पण ह्या एका ओळीवर समोरचा वकील तासभर बोलेल. मूळ रिपोर्टला हात लावू नका. आजची तारीख टाकून पुरवणी रिपोर्ट द्या, आणि त्यात राग नको, दिसलं तेवढंच: किती वाजता, तुम्ही कुठे उभे, तो कुठून आला, कुठला हात, मूठ बंद होती का, कुठे लागलं, काय शब्द बोलला ते जसेच्या तसे (शिवीसकट, लाजू नका), कोणी ओढून बाजूला केलं. दोन्ही लाइन्समनकडून त्यांचं त्यांचं वेगळं लिहून घ्या, एकमेकांचं बघून नको. रक्ताचे डाग पडलेली ती कार्डाची वही धुवून पुसून ठेवू नका, आहे तशी पाकिटात ठेवा. कोणाच्या मोबाइलमध्ये क्लिप असेल तर मूळ फाइल मागा, फॉरवर्ड होत आलेली नको. आणि त्या खेळाडूचं नाव ग्रुपवर टाकू नका, उगाच अब्रूनुकसानीचं नवं लफडं.

डोक्याची तपासणी झाली का, मेलमध्ये काहीच नाही. 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये मुलांच्या मॅचनंतर लाइन्समनला मारहाण झाली, माणूस उठला, घरी गेला, दुसरी मॅच बघायला परत आला आणि तिथे कोसळला, दुसऱ्या दिवशी वारला. घाबरवत नाहीये, पण तपासून घ्या, आणि केस पेपरवर "मारहाणीमुळे" असं लिहिलंय ना ते बघा, नाहीतर "पडल्यामुळे" लिहून मोकळे होतात.

पैशाचं म्हणाल तर नियम 5 मध्ये गंमत आहे, खेळाडू जखमी झाला तर रेफ्री जबाबदार नाही हे लिहून ठेवलंय, पण रेफ्रीच जखमी झाला तर खर्च कोणी करायचा ह्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून आधी रजिस्ट्रेशनची कागदपत्रं काढा, त्यात अपघात विमा असतो बरेचदा आणि लोकांना माहीतही नसतं, कळवायची मुदत मात्र छोटी असते. "जोखीम माझी" वगैरे कलम असेल तर ते खेळातल्या नेहमीच्या दुखापतीपुरतं, मारणाऱ्याला त्याची ढाल सहसा मिळत नाही. लीगला कोर्टात खेचायचं तर मारहाण झाली एवढ्यावर भागत नाही, हा धोका त्यांना आधी माहीत होता हे सहसा दाखवावं लागतं. तुम्ही जाताजाता लिहिलंय की ह्याच माणसाने ह्याच सीझनला दुसऱ्या रेफ्रीला धमकी दिली होती. अहो, हे सगळ्यात वर लिहायचं! त्या रेफ्रीने रिपोर्ट दिला होता का, लीगने काय केलं, हे शोधा. खेळाडूवर भरपाईचा दावा होतोच, पण त्याच्याकडे वसूल करण्यासारखं काही आहे का तेही बघा, आणि मुदत काही ठिकाणी एकच वर्ष असते, त्यामुळे तिथल्या वकिलाला ह्याच महिन्यात गाठा.

पुढच्या रविवारी मॅच घेऊ का विचारलंत. डॉक्टर लेखी फिट म्हणेपर्यंत नको. एकीकडे तीन आठवडे कामावर जाता आलं नाही म्हणून भरपाई मागायची आणि दुसरीकडे मैदानात शिट्टी वाजवतानाचा फोटो, हा फोटो त्यांचा वकील पहिल्याच दिवशी दाखवेल.