मोडेमची जोडणी होताच स्क्रिप्ट आपोआप का चालत नाही?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की, संगणकावर डेबियन लिनक्स आहे, फोनच्या लाइनवरची जोडणी पीपीपीडी हा प्रोग्रॅम करतो, आणि इंटरनेट सुरू होताच साचलेले मेल जावेत व नवे यावेत यासाठी आपण लिहिलेली 'मेल-आणा.एसएच' ही स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) टर्मिनलवरून नीट चालते, मात्र जोडणी झाल्यावर आपोआप चालत नाही. ती आपण 'आयपी-अप.डी' या फोल्डरात ठेवली आहे, आणि ही जागा अचूक आहे. मोडेमचा आवाज थांबून लॉगिन झाले आणि दोन्ही टोकांना आयपी पत्ते ठरले, की पीपीपीडी 'आयपी-अप' ही स्क्रिप्ट चालवतो, आणि डेबियनमध्ये ती पुढे याच फोल्डरातल्या फाइली 'रन-पार्ट्स' या प्रोग्रॅमकडून एकेक करून चालवून घेते.

अडचण फाइलच्या नावात आहे. रन-पार्ट्स एरवी केवळ इंग्रजी अक्षरे, अंक, जोडरेघ आणि अंडरस्कोर असलेली नावेच स्वीकारतो. नावात टिंब आले की ती फाइल तो मुकाट्याने वगळतो आणि चूक झाल्याचे कुठेही सांगत नाही. याच टिंबापायी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या, म्हणून आधी तेच सांगतो. शेवटचे 'एसएच' टिंबासकट काढून टाका, फाइलला चालवण्याची परवानगी आहे ना ते पाहा, आणि रन-पार्ट्सला 'टेस्ट' हा पर्याय व फोल्डरचे नाव देऊन यादीत आपली फाइल दिसते का याची खात्री करा. त्यासाठी फोन लावण्याची गरज नाही.

एवढे झाले तरी मेल येतीलच असे नाही, कारण तीच स्क्रिप्ट आता वेगळ्या परिस्थितीत चालते. ती रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालते, त्यामुळे फेचमेल हा मेल आणणारा प्रोग्रॅम आपल्या होम फोल्डरातली सेटिंगची फाइल पाहणार नाही. त्याला 'एसयू' ही वापरकर्ता बदलणारी आज्ञा वापरून आपल्या नावानेच चालवा. डेबियनची आयपी-अप स्क्रिप्ट मोजका पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) बसवून देते, पण आपल्या होममधले 'बिन' फोल्डर त्यात नसते, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहिणे उत्तम. शिवाय पीपीपीडीने स्क्रिप्टचे आउटपुट आणि एरर दोन्ही 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे आलेले सारे टाकून देणाऱ्या फाइलकडे, वळवलेले असतात, त्यामुळे काही बिघडले तरी पडद्यावर अक्षरही उमटत नाही. सुरुवातीलाच 'लॉगर' या आज्ञेने सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, एक ओळ लिहा, आणि पुढचे सारे आउटपुट एखाद्या फाइलकडे वळवा.

क्रमाबद्दल माझे स्पष्ट मत आहे की आधी मेल पाठवावेत आणि मग आणावेत. कॉल मिनिटांवर आकारला जातो. मोठी अटॅचमेंट उतरत असताना लाइन तुटली, तर निदान आपली पत्रे तरी गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट जपा. आयपी-अप संपेपर्यंत पीपीपीडी 'आयपी-डाउन' ही जोडणी तुटल्यावरची स्क्रिप्ट चालवत नाही. फेचमेल सर्व्हरची वाट पाहत अडकून राहिला, तर जोडणी तुटल्यानंतरची आवराआवरही खोळंबते. त्यामुळे फेचमेलला वेळेची मर्यादा घालून द्या आणि कायम चालणारे प्रोग्रॅम बॅकग्राउंडला टाका.

हे बदल करून एकदा फोन लावा. सिसलॉगमध्ये लॉगरची ओळ आली आणि तरीही मेल आले नाहीत, तर आउटपुट ज्या फाइलकडे वळवले तिच्या शेवटच्या दहा ओळी, पासवर्ड काढून, येथे द्या; पुढचे त्यावरून सांगता येईल.